पुढे रस्ता, मागे समुद्र: वाडीतल्या एका घराच्या बांधकाम परवानगीचं प्रकरण

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं आणि दक्षिण रायगडातल्या पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. या प्रकरणातलं घर त्याच पट्ट्यातलं, एका नगरपरिषदेच्या हद्दीतलं. जांभ्याच्या चिऱ्यांचा जोता, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. ओटीची पायरी थेट रस्त्यावर उतरणारी. मागच्या पडवीतून बाहेर पडलं की वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची झाडं, पलीकडे वाळूची पुळण. वादळात छप्पर गेलं, पडवीवर दोन माड पडले आणि पुढच्या पावसाळ्यांनी उघड्या भिंती खाल्ल्या. घर नव्याने बांधायचं ठरेपर्यंत मध्ये काही वर्षं गेली.

कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि मापंही थोडी बदलली आहेत. ज्यांच्यावर प्रकरण फिरलं ते मुद्दे मात्र जसेच्या तसे आहेत.

घरांचे नकाशे करून ते नगरपरिषदेत दाखल करणं हा माझा व्यवसाय. येणारा माणूस पहिल्या भेटीत नव्या घराबद्दल बोलतो: खोल्या किती, गच्ची की कौलं, जिना आतून की बाहेरून. मला जुन्या घराबद्दल विचारायचं असतं. किनाऱ्यालगत नव्या घराची परवानगी बरीचशी जुन्या घराच्या कागदांवर ठरते. हे लोकांना पटत नाही, कारण जुनं घर तर पडलेलं असतं.

कुटुंबात तीन भाऊ. थोरले गावात, आई त्यांच्याकडे. मधले डोंबिवलीला, धाकटे पुण्याला. तिघांच्या मनातली घरं तीन वेगळी होती. थोरल्यांना पावसाळ्याआधी डोक्यावर छप्पर हवं होतं. मधल्यांना वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी चार खोल्या हव्या होत्या, प्रत्येकीला संडास-बाथरूम जोडून. धाकट्यांचं म्हणणं की रस्त्याच्या धुळीत कशाला राहायचं, घर मागे वाडीत सरकवू, समुद्र दिसेल. साडेतीनशे चौरस मीटरचा एक कच्चा नकाशा त्यांनी पुण्यातल्या ओळखीच्या माणसाकडून काढूनही आणला होता. नकाशा देखणा होता. त्यात भरतीरेषा, म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी जमिनीकडे जिथवर येतं ती रेषा, कुठेच नव्हती.

जागा कशी होती

या बाजूच्या जुन्या गावांची रचना ठरलेली असते. समुद्राला समांतर एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं आणि समुद्राकडच्या घरांमागे लांबट, चिंचोळ्या वाड्या. ही जागाही तशीच: रस्त्यावर १८ मीटर रुंद आणि पश्चिमेकडे जवळपास ८० मीटर लांब. रस्त्याकडचा, घराखालचा तुकडा गावठाणात, त्याला मालमत्ता पत्रक. मागची वाडी सातबाऱ्यावर, बागायत म्हणून. कुटुंबाच्या बोलण्यात ही एकच जागा होती, सरकारदरबारी दोन. वाडीच्या टोकापासून भरतीरेषा साधारण ६० मीटरवर, म्हणजे घराच्या मागच्या भिंतीपासून ती सव्वाशे मीटरच्या आसपास पडत होती.

हा सव्वाशेचा आकडा घेऊन मधले भाऊ आधीच घाबरले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की समुद्रापासून २०० मीटरपर्यंत काहीच बांधता येत नाही. ऐकीव माहितीत हा नियम फार फिरतो. तो खरा आहे, पण सगळीकडे नाही.

किनाऱ्यावरच्या बांधकामाला पहिली चौकट १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने घातली. मग ६ जानेवारी २०११ ची आली, आणि आता लागू आहे ती १८ जानेवारी २०१९ ची. तिन्ही पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेल्या. समुद्रकाठाला भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, येतो, पण त्या पट्ट्यात सगळ्यांना एक नियम नाही. हेच घर शहराच्या हद्दीत, दाट वस्तीत, रस्ते-पाणी-गटार असलेल्या भागात असेल तर ते सीआरझेड-दोन. तिथे अंतराची बंदी नाही, तिथे प्रश्न असतो ते रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे याचा. हेच घर विरळ वस्तीच्या खेड्यात असेल तर सीआरझेड-तीन ब, आणि मग भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र: असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, तीही जुन्या जोत्याएवढी, जुन्या चटईक्षेत्राएवढी (सगळ्या मजल्यांचं मिळून जेवढं बांधकाम होतं तेवढीच). आणि गाव खेडंच, पण २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात असं असेल, तर सीआरझेड-तीन अ. तिथे ना-विकास क्षेत्र ५० मीटरवर येतं आणि हे घर त्याच्या बाहेर पडतं. सव्वाशे मीटरचं अंतर तिन्ही ठिकाणी तेच, निकाल तीन.

आमचा भाग मंजूर आराखड्यात सीआरझेड-दोन होता. आराखड्याचं मी मुद्दाम सांगतो, कारण २०१९ च्या अधिसूचनेचा फायदा त्या अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच मिळतो. तोवर २०११ चीच लागू राहते. आमचं काम उभं राहीपर्यंत नवा आराखडा लागू झालेला होता, हे या कुटुंबाचं नशीब.

नकाशाच्या प्रमाणाबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. आराखड्याचा मोठा नकाशा १:२५,००० चा असतो. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. पेन्सिलची रेघ जाड ओढली तर त्यात अख्खं घर बुडतं. मोबाइलवर त्या नकाशाचा फोटो मोठा करून "आपलं घर बाहेर येतंय" म्हणणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. वापरायचा तो गटनिहाय नकाशा, १:४,००० चा. त्यावर आपली मोजणी बसवून घ्यायची, आणि तेही केंद्राने मान्य केलेल्या संस्थेकडून. आपल्याकडे बरेच जण हे काम चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातल्या दूरसंवेदन संस्थेकडून करून घेतात. भरतीरेषा स्वतः ठरवायची नसते. चेन्नईच्याच राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली रेषा २०१९ च्या अधिसूचनेने सर्वांसाठी प्रमाण मानली आहे. पुळणीवर उभं राहून "भरती तर इथवरच येते" हे म्हणणं फाइलमध्ये कुठेच बसत नाही.

अडचण कुठे होती

सीआरझेड-दोनमध्ये घर बांधता येतं, पण जागा अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या जमिनीकडच्या अंगाला हवी, किंवा अस्तित्वात असलेल्या अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या अंगाला. आमची जागा रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला होती, म्हणजे पहिला पर्याय गेला. उरला दुसरा: अधिकृत बांधकाम दाखवा आणि त्याच्या पुढे, समुद्राकडे, जाऊ नका. म्हणून पडलेलं घर हाच या फाइलचा पाया. ते तिथे होतं, कधीपासून होतं आणि त्याची मागची भिंत नेमकी कुठे होती, या तीन गोष्टी कागदावर उभ्या राहिल्या तर नवं घर. नाही तर वाडीत माड लावा.

धाकट्यांचं समुद्र दिसणारं घर इथेच संपलं. ते नाराज झाले, पण समजले.

"अस्तित्वात असलेलं" म्हणजे कधीपासून? २०११ च्या अधिसूचनेत हे स्पष्ट होतं: १९ फेब्रुवारी १९९१ रोजी जे होतं ते. माझा शिरस्ता असा की पुरावा त्या तारखेच्या मागचाच गोळा करायचा. मग नवा-जुना अर्थ लावण्याचा वाद कुणी उकरून काढला तरी फाइल हलत नाही. नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीचा उतारा काढला, त्यात आजोबांच्या नावावर "घर कौलारू, मातीच्या भिंती" अशी १९६० च्या दशकातली नोंद मिळाली. थोरल्या वहिनींनी पत्र्याच्या ट्रंकेतून घरपट्टीच्या पावत्या काढल्या, काहींच्या कडा वाळवीने नेलेल्या. वीज मंडळाची जुनी बिलं, महावितरण होण्याच्या आधीची, त्यातच होती. सर्वात कामाला आला तो नगर भूमापनाचा नकाशा, कारण त्यावर घराची बाह्यरेषाच आखलेली होती. घरपट्टीची पावती घर होतं एवढंच सांगते, ते कुठे उभं होतं हे सांगत नाही.

आणि वादळानंतरचा पंचनामा. त्या वेळी मदत मिळावी म्हणून घर "पूर्ण नष्ट" लिहून घेण्याची सगळ्यांचीच धडपड होती. पुढे काही घरांच्या बाबतीत हाच शब्द अडचणीचा ठरला: पूर्ण नष्ट झालं, मग अस्तित्वात काय राहिलं? या पंचनाम्यात सुदैवाने तलाठ्याने जोत्याची लांबी-रुंदी लिहिली होती आणि "जोता शाबूत" असे दोन शब्दही. या दोन शब्दांनी माझं बरंच काम केलं.

जोता खरोखरच शाबूत राहिला तो मात्र वहिनींमुळे. मी पहिल्यांदा जागेवर गेलो तेव्हा ठेकेदार जेसीबी घेऊन आलेला होता. "चिरे चांगले आहेत, काढून ठेवतो, कुंपणाला होतील," असं त्याचं चाललं होतं, आणि थोरले भाऊ मान डोलावत होते. वहिनी पदर खोचून मध्ये उभ्या. "साहेब बघून जाऊ देत, मग काय ते करा. घर गेलंय, जोता कुठं पळत नाही." जेसीबी परत गेला. त्या दिवशी चिरे निघाले असते तर नगरपरिषदेच्या पाहणीत दाखवायला मोकळी जमीन उरली असती आणि मागच्या भिंतीची रेषा नुसत्या नकाशावर भांडावी लागली असती. मी सगळ्यांना हेच सांगतो: परवानगी हातात येईपर्यंत पडक्या घराला हात लावायचा नाही. पावसाने पडलं तर पडू दे, आपण पाडायचं नाही.

नावं

किनाऱ्याचे नियम लोकांना अवघड वाटतात. वेळ खाते ती मालकी, आणि कोकणात तर ती फाइल दाखल होण्याआधीच खाते.

मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव होतं. आजोबा जाऊन कित्येक वर्षं झालेली, वडीलही गेलेले. भावांच्या हिशेबाने जागा तिघांची. कायद्याच्या हिशेबाने त्यात आई होती, एक बहीण होती आणि वडिलांच्या दोन बहिणी होत्या. एक आत्या लालबागला. दुसऱ्या आत्या वारलेल्या, त्यांना तीन मुलं, त्यातला एक मस्कतला. या सगळ्यांची वारस नोंद झाल्याशिवाय अर्जावर सही कुणी करायची हाच प्रश्न होता.

मधल्या भावांनी सुचवलं की आत्यांकडून हक्कसोड घेऊन टाकू, एकदाचं मिटेल. मी नको म्हणालो. परवानगीसाठी सहहिस्सेदारांची संमती पुरते, हक्क सोडायला लावायची गरज नसते. आणि हक्कसोडचा विषय निघाला की घराचं प्रकरण वाटणीचं होतं, त्यातून बाहेर यायला पिढी जाते. लालबागच्या आत्यांना भेटायला थोरले स्वतः गेले. त्या म्हणाल्या, "बांधा रे बाबांनो, बापाचं घर उभं राहतंय तर मी कशाला आडवी येऊ? फक्त मे महिन्यात पोरं आली तर एक खोली असू दे." संमतीपत्रावर त्यांनी सही केली. ती खोली नकाशात तळमजल्यावर, माजघराला लागून आहे.

मस्कतच्या आतेभावाचं कुलमुखत्यारपत्र हा वेगळा खेळ. तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन ते आलं आणि कुरिअरच्या पाकिटातच धाकट्यांच्या कपाटात पडून राहिलं. परदेशात केलेला असा दस्त इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुदत संपता संपता ते काम झालं.

बिनशेतीचा प्रश्न आम्ही उद्भवूच दिला नाही. नवं घर गावठाणाच्या तुकड्यातच बसवलं. तिथे बिनशेती परवानगी वेगळी लागत नाही. वाडी आहे तशी बागायत ठेवली.

दोन रेषांच्या मधलं घर

मोजणी झाली, क प्रत (मोजणीचा सरकारी नकाशा) हातात आली आणि मग खरी पंचाईत दिसली. विकास आराखड्यात पुढचा रस्ता रुंद व्हायचा होता. रुंदीकरणात समोरून दीड मीटर जाणार, त्यापुढे नियमाने सोडायची मोकळी जागा आणखी दीड मीटर. म्हणजे घराने रस्त्यापासून तीन मीटर मागे सरकायचं. आणि मागे सरकायचं म्हणजे समुद्राकडे, जिकडे जुन्या भिंतीच्या पुढे एक वीतही जाता येत नाही. जुना जोता १२ मीटर लांब आणि साडेनऊ मीटर खोल होता. त्यातले तीन पुढून गेले, उरले साडेसहा. नगररचनेचा नियम घराला मागे ढकलतो, किनाऱ्याचा नियम पुढे, आणि दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. किनारी शहरांत समुद्राच्या अंगाला असलेल्या बहुतेक जुन्या घरांची हीच गत होणार आहे. रस्ता रुंद करण्याची रेघ आखणाऱ्याने मागे काय आहे हे बघितलेलं नसतं.

इथे भावांनी दोन युक्तिवाद केले आणि दोन्ही ऐकण्यासारखे होते.

पहिला गोठ्याचा. पडवीच्या मागे बारा-तेरा मीटरवर जुना गोठा होता, चिऱ्यांच्या भिंतींचा. मधले म्हणाले, तोही जुना आहे, तोही बांधकामच आहे, रेषा गोठ्यापासून धरा. पण नियमातला शब्द "अधिकृत" आहे. आकारणी नोंदवहीत गोठ्याची नोंद नव्हती. गोठा सातबाऱ्याच्या जमिनीवर असल्यामुळे नगर भूमापनाच्या नकाशातही तो आलेला नव्हता. जुना असणं वेगळं आणि अधिकृत असणं वेगळं. गोठा बाजूला पडला.

दुसरा शेजाऱ्यांचा. उत्तरेच्या शेजाऱ्याचं घर परवानगी घेऊन बांधलेलं, त्याची मागची भिंत आमच्यापेक्षा तीन मीटर पश्चिमेला. दक्षिणेचं घरही थोडं पुढे. दोन्ही घरांच्या मागच्या कोपऱ्यांना जोडणारी रेघ ओढली तर आम्हाला पुढून गेलेले तीन मीटर मागे परत मिळत होते. हा युक्तिवाद मला स्वतःला पटणारा होता. नियम "अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडे" म्हणतो, ती तुमचीच असली पाहिजेत असं म्हणत नाही. नगरपरिषदेच्या कनिष्ठ अभियंत्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की एवढ्यासाठी त्यांना वरून मत मागवावं लागेल, म्हणजे मुंबईला, महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. तुमच्या जुन्या भिंतीच्या आत राहिलात तर तो प्रश्नच येत नाही.

मी भावांसमोर दोन्ही वाटा ठेवल्या. तीन मीटर हवेत तर वाट बघा. मिळतीलही. किती काळ लागेल ते मी सांगू शकत नाही. थोरल्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, जुन्या भिंतीच्या आतच बांधा.

मग घर खोलीऐवजी रुंदीत वाढवलं. सीआरझेड-दोनमध्ये हे जमतं, कारण तिथे बंधन रेषेचं आहे, जोत्याच्या आकाराचं नाही. सीआरझेड-तीनच्या ना-विकास क्षेत्रात असतो तर ११४ चौरस मीटरचा जुना जोता हीच मर्यादा होती. नवा जोता १४ बाय साडेसहा, म्हणजे ९१ चौरस मीटर. दोन मजल्यांचे १८२.

३०० चौरस मीटरचा उंबरठा

२०१९ च्या अधिसूचनेतली एक तरतूद सामान्य माणसाच्या फार उपयोगाची आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. स्वतः राहण्याचं घर, एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरपर्यंत असेल, तर प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. स्थानिक संस्थाच मंजुरी देते. मात्र देण्याआधी सीआरझेडच्या नियमांच्या अंगाने तिने प्रस्ताव तपासायचा असतो. म्हणजे तपासणी टळत नाही, मुंबईची फेरी टळते. साडेतीनशेचा पुण्याचा नकाशा या एका कारणासाठीही निकामी होता.

मधल्या भावांनी लगेच हिशेब मांडला: ९१ गुणिले तीन म्हणजे २७३, अजून एक मजला बसतो. कागदावर बसत होता. पण जिना, सज्जे, पोर्च हे सगळं मोजायला लागलं की २७३ चे ३०० व्हायला वेळ लागत नाही. आणि "स्वतः राहण्याचं" हे विशेषण त्या तरतुदीत शोभेला घातलेलं नाही. बाहेरून जिना, ओळीने चार खोल्या, प्रत्येकीला संडास, असा नकाशा स्वतःच्या घराचा म्हणून ठेवला तर तपासणारा माणूस विचारणारच. नकाशात "अभ्यासिका" लिहून आत लॉजच्या खोल्या काढण्याचा सल्ला देणारे आमच्या धंद्यात आहेत. मी तो नकाशा काढत नाही. सज्जनपणाचा आव आणण्यासाठी हे म्हणत नाही. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी पाहणीला आलेला माणूस खोल्या मोजतोच, आणि मग अडकते ती घरमालकाची रक्कम. घर राहण्याचं म्हणून बांधा, त्यातल्या दोन खोल्या पुढे पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत रीतसर नोंदवता आल्या तर नोंदवा, असं ठरलं. घर तळमजला अधिक एक राहिलं.

चटईक्षेत्राबद्दल एक वाद टळला, त्याची नोंद करून ठेवतो. राज्याची एकत्रित विकास नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली आणि तिने शहरांतलं चटईक्षेत्र बरंच सैल केलं. सीआरझेड-दोनमध्ये मात्र अधिसूचना १८ जानेवारी २०१९ रोजी जे प्रमाण होतं तेच धरते. त्यात बदल हवा असेल तर राज्याने केंद्राकडे जायचं. मोठी इमारत असती तर इथे गाडी रुतली असती. आमचं घर जुन्या प्रमाणातही आरामात बसत होतं.

साठ दिवस

प्रस्ताव ऑनलाइन दाखल झाला. एक त्रुटीपत्र आलं: शोषखड्डा विहिरीपासून लांब दाखवा, आणि वाडीत भराव करणार नाही असं लिहून द्या. दोन्ही रास्त. पुळणीचा उंचवटा सपाट करायला बंदीच आहे, आणि तो उंचवटा व त्यावरचा केवडा हीच वादळात या वाड्यांची पहिली आड असते. आम्ही पूर्तता केली. पुढे काही काळ शांतता.

या शांततेत धाकट्यांच्या ओळखीच्या एका वकिलांनी त्यांना सांगितलं की प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, करा सुरू. कलम खरं आहे. पण मुदत त्रुटीची पूर्तता दिल्यापासून मोजली जाते, हे एक. आणि मानीव परवानगी नियमात बसणाऱ्या बांधकामालाच मिळते, हे दुसरं. सीआरझेडची तपासणी झालीच नाही आणि उद्या कुणी हरित न्यायाधिकरणात गेलं, तर तिथे पोस्टाची पोचपावती दाखवून भागत नाही.

मी त्यांना केरळातल्या मराडूची आठवण दिली. कोचीजवळच्या त्या चार निवासी संकुलांना तेव्हाच्या ग्रामपंचायतीने रीतसर परवाने दिलेले होते. किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची संमती नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी ती पाडायला सांगितली आणि ११ व १२ जानेवारी २०२० ला सुरुंग लावून ती पाडली गेली. रायगडात त्याच्या काही महिने आधी, ८ मार्च २०१९ ला, किहीमचा नीरव मोदीचा बंगला स्फोटकांनी पाडला, तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाच होता. "तो मोठा माणूस होता," धाकटे म्हणाले. मराडूत मात्र राहत होती ती कर्ज काढून घर घेतलेली माणसं. जेसीबी पुन्हा थांबला.

परवानगी आली ती त्यानंतर फार उशिरा नाही. विकास शुल्क आणि कामगार उपकर भरला, रुंदीकरणाची दीड मीटरची पट्टी नगरपरिषदेच्या नावे लिहून दिली. अटींमध्ये जुन्या मागच्या भिंतीची रेषा नकाशावर लाल रंगात आखून घेतलेली होती, "या रेषेच्या पश्चिमेस कोणतेही कायम बांधकाम नाही" अशा शब्दांत. परवानगी एका वर्षाची असते, दरवर्षी वाढवून घेता येते, पण किती वेळा त्यालाही मर्यादा आहे. म्हणून पैसे नसताना परवानगी घेऊन ठेवणं कामाचं नाही, असं मी थोरल्यांना बजावलं.

मग चिरे निघाले. काढण्याआधी जुन्या जोत्याचे मागचे दोन कोपरे आम्ही सिमेंटचे खुंट पुरून कायम केले आणि कनिष्ठ अभियंत्यांसमोर मोजून त्याची नोंद फाइलला लावली. नवा जोता झाल्यावर तपासणीला आलेल्या माणसाने फीत त्या खुंटांपासूनच लावली. पश्चिमेची भिंत रेषेच्या आत १० सेंटिमीटर होती. ते अंतर मी मुद्दाम सोडायला सांगितलं होतं, कारण गिलाव्याची जाडी कुणी धरत नाही.

घर आता स्लॅबपर्यंत आलं आहे. वरून समुद्र दिसतो, त्यामुळे धाकट्यांचा राग गेला. गोठा अजून उभा आहे, त्यात सिमेंटच्या गोणी ठेवल्या आहेत. वाडीचा सातबारा मात्र आजोबांच्याच नावावर आहे. त्याची वारस नोंद मे महिन्यात सगळे गावी आले की करू, असं तिघंही म्हणतात.